जास्तीचा दिवा

दिवे मोजायचे नाहीत.

एवढा एकच नियम होता. घरी किती वाजता परत यायचं, कुणाशी कसं बोलायचं, शिकून पुढे काय करायचं, या सगळ्यावर भांडायची तिला मुभा होती आणि ती मुभा ती पुरेपूर वापरायची. पण खोली चालू असताना वर टांगलेले दिवे मोजायचे नाहीत, यावर भांडण नव्हतं. "का?" असं तिने पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. बाबांनी हातातली पक्कड खाली ठेवली आणि आत्याकडे पाहिलं. आत्याने मोठ्या काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "नाही म्हणजे नाही." पुढे कॉलेजात असताना तिने पुन्हा विचारलं, तेव्हाही तेच तीन चेहरे त्याच क्रमाने एकमेकांकडे वळले. मोठ्यांच्या घरात 'का' हा शब्द चपलेसारखा दाराबाहेर काढून आत यायचं असतं. तिला ते कधी जमलं नाही. म्हणून कायद्याचं एक पान न वाचता ती घरात 'वकील' झाली होती.

खोली म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. ही तीन भावंडं पूर्वी नाटकांना प्रकाश आणि आवाज पुरवायची. बाबा दिव्यांचं बघायचे, काका आवाजाचं, आणि पडदे, दोर, शिवण हे आत्याकडे. मग काकूच्या, म्हणजे काकांच्या बायकोच्या, डोक्यातून ही खोली निघाली. काळ्या कापडाने पूर्ण झाकलेली एक अंधारी जागा आणि छताला टांगलेले साठ काचेचे गोल दिवे. येणाऱ्याच्या छातीला दारातच एक कापडी पट्टा बांधायचा. छाती वरखाली होते ती पट्ट्यातल्या सेन्सरला कळते, आणि वरचा एक दिवा त्या माणसाचा होतो. त्याने श्वास घेतला की दिवा उजळतो, सोडला की मंदावतो, आणि दिव्याबरोबर एक स्वरही चढतो-उतरतो. दहा माणसं आत असली की दहा दिवे, दहा स्वर. त्या श्वासांतून यंत्र आपलं आपणच पुढचं रचत जातं. ते कुणी लिहिलेलं नसतं आणि एकदा झालं ते पुन्हा होत नाही. पट्टा सोडला की तुमचा दिवा विझतो. आत खिदळत शिरलेली माणसंसुद्धा बाहेर पडताना कुजबुजत बोलायची.

पहिली खोली उभी राहण्याआधीच काकू गेली. तिला दमा होता. 'दवाखान्यात नेता नेता गेली', एवढंच घरात सांगितलं जायचं. तेव्हा ही आठ वर्षांची. आई दिवसभर कामावर असायची, त्यामुळे हिची वेणी घालणं, पाढे घेणं, दुपारी शेजारी घेऊन झोपणं, हे सगळं काकूचं. काकूनंतर पंधरा वर्षं या तिघांनी खोली गावोगाव नेली, लावली, उतरवली, आणि काकूबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही.

आणखी एक गोष्ट होती, पण ती नियम म्हणून कुणी सांगत नसे. दर खेळाला आत्या स्वयंपाकघरातला टायमर बरोबर आणायची आणि पस्तीस मिनिटांवर लावायची. तो वाजला की माणसं बाहेर, दिवे बंद. मग दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरुवात. "तारा तापतात," बाबा म्हणायचे. तिने एकदा तारांना हात लावून पाहिला होता. गार होत्या.

या वर्षी शिक्षण संपवून ती घरच्या कामात आली आणि पहिल्याच महिन्यात तिने सगळं उलथून टाकलं. जुन्या प्रोग्रामची एक ओळही ठेवली नाही. नवे दिवे, नव्या तारा, नवे पट्टे. जुनं सगळं तिने स्वतःच्या हाताने भंगारात घातलं. काका दारात उभे राहून बघत होते.  रिकामी हातगाडी परत येईपर्यंत तिथून हलले नाहीत.

नवी खोली पहिल्यांदा लावायची होती ती एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात. तिथे आता कलादालन झालं होतं. जिथे एकेकाळी लाद्या रचायचे ती गोदामाची जागा यांना मिळाली. भिंती हातभर जाड. दाराला मोठा लोखंडी दांडा, तो खाली ओढल्याशिवाय दार उघडायचं नाही, आणि एकदा लागलं की बाहेरचं जग पुसून टाकल्यासारखं. कारखाना बंद होऊन वीस वर्षं झाली होती, तरी फरशी पायाला गार लागायची आणि कोपऱ्यांत वाकलं की अमोनियाचा उग्र वास नाकात चढायचा.

दालनाच्या व्यवस्थापक बाईंनी सांगून टाकलं होतं, "सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, अखंड. मध्ये मध्ये लोकांना बाहेर काढायचं वगैरे मला चालणार नाही." तिने घरात कुणालाही न विचारता होकार दिला. तारा तापत नाहीत, हे तिला माहीत होतं.

त्यावरून सकाळी वाजायचं ते वाजलं. आता उद्घाटनाच्या आदल्या दिवसाची दुपार होती. बाहेर डोळे दिपवणारं ऊन. डबे खाऊन झाले होते. गोदामाबाहेरच्या लांबट खोलीत काका खुर्चीवर डोळे मिटून बसले होते, बाबा वायरी सोलत होते, आत्या पट्ट्यांची बकलं शिवत होती.

"पट्टे तपासून येते," ती म्हणाली आणि लॅपटॉप काखेत मारून आत गेली.

दार लागलं. अंधार इतका दाट की डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे पापणी हलवल्याशिवाय कळेना. तिने पट्टा छातीला बांधला, बकल लावलं. वर, अगदी डोक्यावर, एक दिवा हळूच उजळला आणि तिच्या श्वासाबरोबर मंदावला. एक खालचा स्वर उमटला, भरलेल्या माठावर बोट आपटल्यासारखा. तिला बरं वाटलं. हे तिचं काम होतं. इतकं नीट, इतकं साधं.

मग तिने मोजलं. मुद्दाम. मोठ्याने.

"एक," ती म्हणाली. आणि मान वळवल्यावर, "...दोन."

समोरच्या डाव्या कोपऱ्यात दुसरा दिवा लागलेला होता.

तो तिच्याबरोबर उजळत नव्हता. चटकन उजळायचा आणि मंदावायला फार वेळ घ्यायचा. मंदावताना शेवटी शेवटी किंचित थरथरायचा.

ती घाबरली नाही. चूक असेल, आणि चूक सापडते, यावर तिचा विश्वास होता. तिने आपला पट्टा सोडला. तिचा दिवा विझला. कोपऱ्यातला तसाच. शिडी आणून तिने त्या दिव्याची तार सोडवली. तो विझला, आणि त्याच्या शेजारचा लागला. त्याच चालीने, मध्ये एक श्वाससुद्धा न चुकता. तिने शेजारचा सोडवला. मग त्याच्या पलीकडचा लागला. शिडीवर उभं असताना तिला जाणवलं, की आपण हळू काम करतोय. झोपलेल्या माणसाच्या खोलीत करावं तसं.

लॅपटॉपवर प्रत्येक दिव्यासमोर पट्ट्याचा आकडा होता. या दिव्यासमोर काहीच नव्हतं, रिकामी जागा. पण श्वासाची रेघ मात्र उमटत होती. आखूड चढण, लांब उतरण, आणि उतरणीच्या टोकाला बारीक दातेरी काप. प्रोग्राममध्ये कुठे एखादं जुनं रेकॉर्डिंग राहिलंय का, ते तिने दोनदा शोधलं. नव्हतं. असणारच नव्हतं. ती त्या रेघेकडे बघत राहिली. हा श्वास तिने कधीतरी पाठीला पाठ लावून ऐकला होता. दुपारी. पडदे ओढलेल्या खोलीत.

ती बाहेर आली तेव्हा हातात लॅपटॉप तसाच उघडा होता.

"आत माणूस एक," ती म्हणाली, "आणि दिवे दोन."

आत्याची सुई कापडात अर्धी जाऊन थांबली.

"मोजलेस?" बाबांनी विचारलं.

"मोजले. कोसळलं का आभाळ?"

"तुला सांगितलं होतं..."

"सांगितलं होतं, समजावलं नव्हतं. बाबा, प्रोग्राम मी लिहिलाय. माझ्या प्रोग्राममध्ये मला न विचारता दिवा लागतोच कसा?"

"असेल काहीतरी जुनं राहिलेलं."

"जुनं मी भंगारात घातलं. तुम्ही सगळे बघत होतात."

काकांनी डोळे उघडले नाहीत. "वकीलबाई," ते म्हणाले, "कुठल्या कोपऱ्यात लागला?"

हा प्रश्न येईल असं तिला वाटलं नव्हतं. "समोरच्या. डावीकडच्या."

"हं. म्हणजे दाराकडे तोंड करून." काकांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. "तिला दार दिसावं लागायचं."

"दादा!" आत्या म्हणाली. दबक्या आवाजात, पण असा आवाज तिने आत्याचा कधी ऐकला नव्हता.

तिने लॅपटॉपवरची ती रेघ पुन्हा एकदा पाहिली.

"काकू?" तिने विचारलं.

कुणी हो म्हणालं नाही. कुणी नाहीही म्हणालं नाही. ज्या घरात साध्या 'का'ला तीन जण मिळून नकार देतात, त्या घरात हे उत्तर पुरेसं होतं.

"पंधरा वर्षं," ती म्हणाली. "पंधरा वर्षं तुम्हाला माहीत होतं, आणि मला सांगत होतात तारा तापतात! पस्तीस मिनिटांनंतर काय होतं?"

"काही होत नाही."

"आत्या, उद्या माणसं आत बसणार आहेत. आठ तास. म्हाताऱ्या बायका असतील, मुलं असतील. सांगणार असशील तर आत्ता सांग. नाहीतर चला, आत बसू आणि बघू."

सांगणं सोपं होतं. दोन वाक्यांचं काम. पण बाबांनी आत्याकडे पाहिलं, आत्याने काकांकडे पाहिलं, आणि काका उठले, पेटीतून एक पट्टा उचलला आणि शर्टावरून छातीला बांधू लागले. बोलण्यापेक्षा आत जाणं त्यांना सोपं वाटलं. मागोमाग बाकीचे दोघे.

आत्याने टायमर उचलला. तिने तो आत्याच्या हातातून काढून टेबलावर ठेवला.

"नको गं... ऐक माझं."

"ऐकतेच आहे. तूच काही बोलत नाहीयेस."

चार खुर्च्या. चार पट्टे. तिच्या पायाशी लॅपटॉप, त्यावर मिनिटं सरकत असलेली. दार लागलं, आणि वर चार दिवे उजळले. बाबांचा जड आणि सावकाश. आत्याचा उथळ. काकांचा मध्येच अडखळणारा. तिचा स्वतःचा भराभर. पाचवा कोपऱ्यात. तिने मोजून घेतले आणि या वेळी कुणी अडवलं नाही.

पहिली वीस मिनिटं ती विसरूनच गेली की आपण कशासाठी आलो आहोत. इतकं ते सुंदर होतं. पाच स्वर एकमेकांच्या भोवती फिरत होते, कधी एकमेकांत शिरत, कधी बाजूला सरत. काळ्या कापडावर उजेडाच्या मंद लाटा येत आणि विरत. अमोनियाचा वास गेला होता. त्या जागी काहीतरी ओळखीचं, औषधी, गोडसर येत होतं. छातीला चोळायच्या मलमाचं. तिने ते डोक्यातून झटकलं.

पंचविसाव्या मिनिटाला तिच्या लक्षात आलं की बाबांचा दिवा आता सावकाश राहिला नाही. चटकन उजळतो, आणि मंदावायला वेळ लावतो.

तिसाव्या मिनिटाला आत्याचा तसाच.

काकांचा तर कधीच तसा झाला होता. तीन दिवे एकदम उजळत होते आणि एकदम मंदावत होते, आणि ते तिन्ही कोपऱ्यातल्या दिव्याच्या मागे चालले होते. तिने आपल्या डोक्यावर पाहिलं. तिचाही दिवा त्यांच्याबरोबर होता. आपण श्वास घेतोय असं तिला वाटत होतं, पण तो कधी घ्यायचा हे ती ठरवत नव्हती. तिने जोर लावून मधेच एक श्वास ओढला. जड दार ढकलावं तेवढा जोर लागला. तिचा दिवा एकदा वेगळा चमकला आणि पुन्हा रांगेत गेला.

पस्तीस. टेबलावरचा टायमर बाहेर वाजला असता, तर या भिंतींतून ऐकू आला नसता.

सदतिसाव्या मिनिटाला शिटी सुरू झाली. कुलपाच्या भोकातून वारा यावा तशी, बारीक, प्रत्येक श्वासाच्या शेवटी. तिने प्रोग्राममध्ये असा आवाज घातलेला नव्हता. आणि तो स्पीकरमधून येत नव्हता. कोपऱ्यातून येत होता, खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून.

"बाबा..." ती म्हणाली.

"श्श."

हे काकांनी म्हटलं होतं. मंद उजेडात तिला त्यांचा हात दिसला. उभा धरलेला, तळवा समोर. रेकॉर्डिंग चालू असताना ते आयुष्यभर असाच हात धरत आले होते. हलू नका. बोलू नका. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले होते. आत्याने पदराचा बोळा तोंडात धरला होता, पण आवाज होऊ नये म्हणून, रडू येत होतं म्हणून नव्हे. तिघांचे डोळे उघडे होते. तिघंही कोपऱ्याकडे बघत होते.

एकोणचाळीस. श्वासांमधलं अंतर वाढू लागलं. पाचही दिवे विझत आल्यासारखे होत, आणि कितीतरी वेळाने, खूप खोलातून वर यावे तसे उजळत. तिच्या कानात रक्ताचे ठोके पडू लागले.

चाळीस. शिटी थांबली. आता नुसता श्वास ओढण्याचा प्रयत्न ऐकू येत होता. दिवे लुकलुकत होते, पेटत नव्हते.

"काका, उठा... कुणीतरी उठा..."

हात तसाच उभा. त्याच्या मागे काकांचं तोंड उघडं होतं, माशासारखं, आणि ओठ काळपट दिसत होते. बाबांचा दिवा गेला. मग आत्याचा. पट्टे तर बांधलेलेच होते.

तिने आपला पट्टा बकलासकट ओरबाडून काढला आणि उभी राहिली. खुर्ची मागे कोसळली. त्या शांततेत तो आवाज इतका मोठा झाला की तिला शरम वाटली. एवढ्या मोठ्या शांततेत कुणी खुर्ची पाडतं का! मग त्या शरमेचाच तिला संताप आला. ती धावली. दांड्याला लटकली. दांडा खाली आला, दार उघडलं, आणि लांबट खोलीच्या उघड्या दारातून बाहेरचं पांढरंफटक ऊन आडवं आत पडलं, थेट त्या कोपऱ्यापर्यंत.

"घे!" ती ओरडली. "काकू, श्वास घे! दार उघडलंय!"

कोपऱ्यात कुणीतरी श्वास घेतला.

लांब, फाटका, पाण्याबाहेर डोकं काढल्यासारखा श्वास. मागून बाबा खोकले. आत्या खुर्चीवरून खाली घसरली आणि हातांवर टेकून धापा टाकू लागली. काका वाकून छाती चोळत होते, पण मान वर होती. कोपऱ्यातला दिवा उन्हातही दिसत होता. उजळला, मंदावला. उजळला, मंदावला. शिटी नाही, थरथर नाही. लॅपटॉपवर बेचाळिसावं मिनिट सुरू झालं होतं.

"पुढे गेली," काका म्हणाले. "अगं... पुढे गेली ती."

तिघांना बाहेर आणून तिने पाणी दिलं. आणि मग, आता सांगितल्यावाचून सुटका नाही म्हणून, आत्याने सांगितलं.

यंत्राला श्वास म्हणजे काय हे शिकवायला आधी एका माणसाचा श्वास हवा होता, पुरा एक तास, सलग. काकू म्हणाली, माझा घ्या, माझ्या श्वासात गोष्ट आहे. तिघं तिच्यासमोर बसले. दार बंद, रेकॉर्डिंगचा लाल दिवा चालू. लाल दिवा असताना कुणी हलायचं नाही, हा त्यांच्या कामाचा पहिला धडा. काकूचा दम्याचा पंप खिशात खुळखुळायचा, म्हणून काकांनी तो काढून आत्याच्या शिवणाच्या पिशवीत ठेवायला लावला होता. चार पावलांवर. सदतिसाव्या मिनिटाला तिच्या छातीतून शिटी वाजायला लागली.

"आम्हाला वाटलं, मुद्दाम करतेय," आत्या म्हणाली. "इतकं... इतकं सुंदर येत होतं ते. मी उठणार होते. दादाने हात केला."

"मला वाटलं, तिला थांबायचं असेल तर ती स्वतः थांबेल," काका म्हणाले.

"आणि तुम्ही, बाबा?"

बाबा वायरीच्या सोललेल्या टोकाकडे बघत राहिले. "मला वाटलं, दादाला माहीत असेल."

एकेचाळिसाव्या मिनिटानंतर रेकॉर्डिंगवर काही नव्हतं. लाल दिवा मात्र साठाव्या मिनिटापर्यंत चालू होता. तोपर्यंत कुणी उठलं नव्हतं.

तिला आठवली आठ वर्षांची आपण. दाराबाहेर पायरीवर बसलेली, हातात कंगवा घेऊन. वेणी घालायला काकू येणार म्हणून.

काकांनी तिचा हात धरला. त्यांचा हात बर्फासारखा गार होता, पण डोळे लखलखत होते. त्यांच्या डोळ्यांत असा उजेड तिने कधी पाहिला नव्हता. "ऐक, पोरी. आजवर ती तिथेच थांबायची. म्हणून आम्ही आधीच बंद करायचो. पुन्हा ते बघवत नव्हतं. आणि आज तू उठलीस आणि ती पुढे गेली! तू रोज उठ. एवढंच कर. चाळीस मिनिटं झाली की उठायचं आणि दार उघडायचं. मी बसेन आत, हवं तर एकटा बसेन. लोकांना नको बोलावू. फक्त तू..."

"आम्हाला नाही जमत गं," आत्या म्हणाली. "पाहिलंस ना. बसलं की उठताच येत नाही."

"तुझं वय आहे," बाबा म्हणाले. "आमचं काय, आज आहोत उद्या नाही. मग हे तुलाच..."

तर हे असं होतं. ज्या घराने तिला एक 'का' विचारू दिला नाही, ते घर आज तिच्या हातात आपली आख्खी पंधरा वर्षं ठेवायला निघालं होतं, आणि वर मायेने बघत होतं.

ती आत गेली. मुख्य प्लग ओढून काढला. मग शिडी लावली, कोपऱ्यातल्या दिव्याची तार पक्कडीने तोडली, आणि तो काचेचा गोळा घेऊन बाहेर आली. तो तिने काकांच्या मांडीवर ठेवला.

"उद्या खोली उघडणार नाही. बाईंना मी सांगते," ती म्हणाली. "आणि मी उठणार नाही. उद्या नाही, कधीच नाही. उठायचं तुम्ही होतात. चार पावलं होती. तुमच्या तिघांच्या वाटचं उठणं मी जन्मभर नाही उठणार."

बाबांनी आत्याकडे पाहिलं नाही. आत्याने काकांकडे पाहिलं नाही. ती उत्तराची वाट बघत उभी राहिली. मग तिच्या लक्षात आलं की ते तिच्याकडे बघतच नाहीत.

ते काकांच्या मांडीकडे बघत होते.

काचेच्या गोळ्याला नाण्याएवढा धुरकट डाग पडला होता, आरशावर तोंड नेलं की पडतो तसा. काकांनी अंगठ्याने तो पुसला. पुसला गेला नाही. तो आतून होता. गोळा सगळीकडून बंद, तार तुटून लोंबत असलेली. डाग हळूहळू विरला. पुन्हा पडला, थोडा लहान. मग आणखी लहान, आणि आधीपेक्षा उशिराने.

"उठा," ती म्हणाली.

काकांचा उजवा हात मांडीवरून वर आला. तळवा समोर.

काच पुन्हा स्वच्छ झाली. या वेळी डाग पडायला फार वेळ लागत होता. तिघं तसेच बसून होते.